गृहसंगणकावरील अनुज्ञापृच्छा : एका प्रश्नाच्या अर्थक्षयाचा इतिहास

१

घरातील संगणकावर एखादी नवी आज्ञावली बसवू लागले, की पडदा अंधुक होतो, मध्यभागी एक चौकट उमटते आणि पुढे जाण्यास अनुमती आहे किंवा नाही, अशी विचारणा होते. ह्या विचारणेस प्रस्तुत लेखात ‘अनुज्ञापृच्छा’ ही संज्ञा वापरली आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज व्हिस्टा ही कार्यप्रणाली ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आली व तिच्याबरोबर ‘यूझर अकाउंट कंट्रोल’ ह्या नावाची ही योजना घरोघर पोहोचली. ती एक तांत्रिक कटकट होती आणि लोकांच्या तक्रारींमुळे पुढील आवृत्तीत ती कमी करण्यात आली, अशी तिच्याविषयीची सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची नव्हे. परंतु ती अपुरी आहे. अनुज्ञापृच्छा हा आधी एक भाषिक व्यवहार आहे. तीत विचारणारा आहे, उत्तर देणारा आहे, आणि त्या उत्तराने काही घडते अथवा घडावयाचे राहते. अशा व्यवहाराच्या यशापयशाची मीमांसा केवळ यंत्राच्या रचनेवरून पुरी होणार नाही. जो प्रश्न वारंवार विचारला जातो, परंतु ज्याचे उत्तर देण्यास लागणारे ज्ञान उत्तर देणाऱ्यास पुरविले जात नाही, तो कालांतराने प्रश्न उरतच नाही. त्याचा उपचार होतो. हा अर्थक्षय कसा घडला, त्याचा भार कोणी वाहिला आणि तो थांबविण्याचे कोणते उपाय झाले, हे पाहणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२

अधिकारांची विभागणी ही कल्पना गृहसंगणकाहून जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात एकाच मोठ्या यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागली, तेव्हा एकाची कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती पडू नयेत आणि कोणा एकाच्या चुकीने सगळे यंत्र बंद पडू नये, ह्यासाठी अधिकारांच्या पायऱ्या ठरवाव्या लागल्या. १९७५ साली जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर ह्यांनी संगणकातील माहितीच्या संरक्षणावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात संरक्षणाच्या रचनेची आठ तत्त्वे मांडली आहेत. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची ठरतात. पहिले न्यूनतम अधिकाराचे तत्त्व : प्रत्येक आज्ञावलीस व प्रत्येक वापरकर्त्यास कामापुरताच अधिकार असावा. दुसरे मानसिक स्वीकार्यतेचे : संरक्षणाची योजना वापरण्यास इतकी सुलभ असावी, की ती योग्य रीतीने वापरणे हेच माणसाच्या अंगवळणी पडावे. पुढील तीस वर्षांचा इतिहास म्हणजे पहिले तत्त्व अमलात आणताना दुसऱ्याचा पडलेला विसर होय, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

युनिक्स कार्यप्रणालीत सर्वाधिकारी वापरकर्ता निराळा व नेहमीचा वापरकर्ता निराळा, अशी व्यवस्था प्रथमपासून होती. नेहमीच्या वापरकर्त्याला एखाद्या आज्ञेपुरताच सर्वाधिकार मिळावा, ह्यासाठी १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील शाखेत ‘सुडू’ ही आज्ञावली तयार झाली. तिच्यातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. येथे यंत्र माणसाला आपण होऊन काही विचारीत नाही. अधिकार हवा असलेला माणूस स्वतःच आज्ञेच्या आरंभी तो शब्द लिहितो. विनंती माणसाची असते आणि परवलीचा शब्द विचारून तिची खातरजमा करण्याचे काम यंत्राचे असते.

गृहसंगणकाचे कूळ मात्र वेगळे होते. १९७७ चा ॲपल टू काय किंवा १९८१ चा आयबीएमचा वैयक्तिक संगणक काय, ही एकट्या माणसाची यंत्रे होती. त्यांवरील कार्यप्रणालींत ‘वापरकर्ता’ ही कोटीच नव्हती. यंत्रासमोर जो बसला तो धनी. हीच वृत्ती १९९५ च्या विंडोजमध्येही टिकली. दरम्यान १९९३ साली कार्यालयीन उपयोगासाठी निघालेल्या विंडोज एनटीमध्ये अधिकारांची काटेकोर विभागणी करण्यात आली होती. हे दोन प्रवाह २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपीमध्ये एकत्र आले. घरच्या संगणकाला एनटीचा पाया मिळाला. परंतु स्थापनेच्या वेळी निर्माण होणारे प्रत्येक खाते प्रशासकाचेच राहिले. ह्याचे कारण पूर्वीच्या आज्ञावलींत होते. कोठेही लिहावे, काहीही बदलावे, ह्या मोकळीकीत वाढलेल्या त्या आज्ञावली मर्यादित खात्यावर नीट चालत नसत. घराला कुलपे बसली, पण किल्ल्यांचा जुडगा दारालाच लटकत राहिला.

ह्या व्यवस्थेचे परिणाम लवकरच दिसू लागले होते. मे २००० मध्ये प्रेमपत्राचे सोंग घेऊन आलेल्या एका विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तो टपालाबरोबरची जोडफाईल लोकांनी आपल्या हाताने उघडल्यामुळे. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स ह्यांनी कंपनीतील सर्वांस पत्र लिहून, नव्या सोयींपेक्षा विश्वासार्हतेस अग्रक्रम द्यावा, असा आदेश दिला. ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस मार्क रसिनोविच ह्यांनी असे उघडकीस आणले, की सोनी बीएमजीच्या काही संगीत-तबकड्या संगणकात घातल्या असता त्यांतील आज्ञावली स्वतःला लपवून कार्यप्रणालीच्या गाभ्यात ठाण मांडते. गाणे ऐकू इच्छिणारा गृहस्थ त्या क्षणी आपल्या यंत्राचा प्रशासक होता. म्हणूनच त्याच्या नकळत त्याचे सर्व अधिकार त्या तबकडीसही लाभले.

३

व्हिस्टाची योजना ह्या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. प्रशासक संगणकात प्रवेश करतो, तेव्हा त्याला एकाऐवजी दोन अधिकारपत्रे दिली जातात. एक पूर्ण व दुसरे छाटलेले. नित्याची कामे छाटलेल्या पत्रावर चालतात. एखाद्या आज्ञावलीस पूर्ण पत्राची गरज भासली, म्हणजे पडदा अंधुक होऊन चौकट येते. अंधुक पडदा ही केवळ सजावट नव्हे. ती चौकट एका निराळ्या, सुरक्षित पटावर दाखविलेली असते. तेथे इतर आज्ञावलींना माणसाच्या वतीने कळ दाबता येत नाही. वापरकर्ता प्रशासक नसेल, तर केवळ होकार पुरत नाही. प्रशासकाचा परवलीचा शब्द द्यावा लागतो. कार्यप्रणालीच्या राखीव जागी लिहू पाहणाऱ्या जुन्या आज्ञावली मोडून पडू नयेत, म्हणून त्यांचे लेखन वापरकर्त्याच्या स्वतःच्या कप्प्यात गुपचूप वळविण्याचीही तजवीज होती.

रचना म्हणून ही योजना विचारपूर्वक केलेली होती. परंतु तिच्या आरंभीच्या काळात विचारणांची गर्दी एवढी झाली, की राखीव जागी एक नवा कप्पा करून त्याला नाव देण्यास एकाऐवजी चार वेळा अनुमती द्यावी लागे. २००८ च्या पहिल्या दुरुस्ती-संचात ही संख्या एकावर आणण्यात आली. दरम्यान २००७ साली ॲपल कंपनीने आपल्या जाहिरातीत विंडोज संगणकाचे पात्र करणाऱ्या नटामागे एक अंगरक्षक उभा केला. प्रत्येक वाक्यास ‘रद्द करावयाचे की मुभा द्यावयाची’ असे विचारणे एवढेच त्या अंगरक्षकाचे काम. काळाचा न्याय असा, की २०१९ मध्ये ॲपलच्याच कॅटालिना ह्या कार्यप्रणालीने कागदपत्रांच्या कप्प्यांपर्यंत अनुज्ञापृच्छा आणल्या आणि तोच विनोद तिच्यावरही करण्यात आला.

४

आता त्या विचारणेच्या भाषेकडे वळले पाहिजे. व्हिस्टाच्या नेहमीच्या चौकटीतील मूळ इंग्रजी मजकूर दोन वाक्यांचा होता. पहिल्याचा आशय असा, की पुढे जाण्यासाठी विंडोजला तुमच्या अनुमतीची गरज आहे. दुसऱ्याचा असा, की ही क्रिया तुम्ही सुरू केली असेल, तर पुढे जा. व्याकरणदृष्ट्या ह्यांपैकी एकही वाक्य प्रश्नार्थक नाही. पहिले विधान आहे व दुसरे अटीसहित आज्ञार्थ आहे. ज्याच्याकडे अनुमती मागावयाची, त्यालाच आज्ञार्थी क्रियापदाने पुढे जाण्यास सांगितले जात होते. अनोळखी आज्ञावलीसाठीच्या चौकटीत विधानापुढे निषेध येई : ती कोठून आली हे ठाऊक नसेल, तर चालवू नका. तीतही प्रश्न नव्हताच.

पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात लिङ्, लोट् आणि कृत्य ह्या प्रत्ययांचे अर्थ सांगताना जे भेद केले आहेत, ते येथे उपयोगी पडतात. ‘संप्रश्न’ म्हणजे निर्णयासाठी केलेली विचारणा, ‘प्रैष’ म्हणजे आज्ञा आणि ‘अतिसर्ग’ म्हणजे इच्छेप्रमाणे वागण्याची मुभा. ह्यांपैकी प्रैष व अतिसर्ग हे अर्थ एकाच सूत्रात आले आहेत. कारण दोहोंचे रूप एकच असू शकते. मराठीतही ‘जा’ म्हटले म्हणजे कधी आज्ञा होते, कधी मोकळीक. भेद प्रसंगावरून कळतो. अनुज्ञापृच्छेत संप्रश्न यंत्राकडून आणि अतिसर्ग माणसाकडून यावयास हवा. व्हिस्टाच्या चौकटीत मात्र यंत्रच प्रैष करीत होते आणि माणूस त्याचे पालन करीत होता. २००९ च्या विंडोज ७ मध्ये हा दोष सुधारला. तेथे पुढील आज्ञावलीस ह्या संगणकात बदल करू द्यावयाचे आहेत काय, असा सरळ प्रश्न आला आणि त्याखाली ‘होय’ व ‘नाही’ अशी दोनच उत्तरे आली.

रूप सुधारले, तरी व्यवहाराचा पाया तोच राहिला. कोणते बदल होणार, हे प्रश्नात सांगितलेले नाही. आज्ञावलीचे नाव व तिच्यावर सही करणाऱ्या प्रकाशकाचे नाव एवढाच आधार असतो. त्यावरून निवाडा करण्यास लागणारे ज्ञान बहुसंख्य गृहस्थांपाशी नसते, आणि ते नाही म्हणून त्यांना दोष देता येत नाही. शिवाय ज्या क्षणी प्रश्न येतो, त्या क्षणी माणसाचे मन आपल्या कामात असते. ‘नाही’ म्हणणे म्हणजे ते काम सोडून देणे. ज्या प्रश्नाचे एक उत्तर फुकट व दुसरे महाग असते, त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते.

मराठी माणसाला ह्या अवस्थेचे एक घरगुती उदाहरण परिचयाचे आहे. निरोप घेताना पाहुणा ‘येतो’ म्हणतो आणि यजमान ‘या’ म्हणतो. रूपाने पाहता एक विधान व एक आज्ञार्थ. मुळाशी पाहता अनुज्ञेची याचना व तिचे दान. परंतु ‘येतो’ ऐकून यजमान कधी विचारात पडत नाही, आणि त्याने ‘नका येऊ’ म्हणावे, अशी शक्यता कोणाच्या मनात येत नाही. मालिनॉव्स्की ह्यांनी १९२३ साली ज्यास संपर्कसाधक भाषण म्हटले, त्याच जातीचा हा व्यवहार. निरोपात त्यामुळे काही बिघडत नाही. कारण तेथे अनुज्ञेवर काही अवलंबून नसते. संगणकाच्या चौकटीत अवलंबून असते, आणि तरीही उत्तर ‘या’ म्हटल्याइतक्याच सहजतेने दिले जाते. धोका नेमका येथे आहे.

५

हा केवळ तर्क नव्हे. ऑक्टोबर २००८ मध्ये विंडोज ७ च्या बांधणीचा वृत्तांत देताना मायक्रोसॉफ्टने जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तीनुसार व्हिस्टाच्या वापरकर्त्यांनी शंभरांपैकी ८९ विचारणांस होकार दिला होता. पहिल्या दुरुस्ती-संचानंतर विचारणा कमी झाल्या, तरी हे प्रमाण ९१ झाले. ह्यातील पुष्कळसे होकार योग्यच असतील, कारण बहुतेक आज्ञावली निरुपद्रवी असतात. पण ज्या प्रश्नास दहातील नऊ वेळा ‘होय’ हेच उत्तर आहे, त्याच्या दहाव्या वेळी माणूस थांबेल, अशी अपेक्षा ठेवणे मनुष्यस्वभावाला धरून नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील अभ्यासकांनी इशारे पाहणाऱ्या माणसांच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण केले. तोच इशारा दुसऱ्यांदा दिसताच दृश्यसंस्करणाच्या भागांतील प्रतिसाद लक्षणीय उतरतो, असे त्यांना आढळले. माणूस इशारा वाचून दुर्लक्ष करतो, असे नव्हे. तो इशारा त्याला पूर्वीसारखा दिसतच नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो : हे कळण्यासारखे असताना एवढ्या विचारणा का ठेवण्यात आल्या? ह्याचे उत्तर एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील आरएसए परिषदेत मिळाले. मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस ह्यांनी तेथे मोकळेपणाने सांगितले, की वापरकर्त्यांना त्रास व्हावा हाच ह्या योजनेचा उद्देश होता. ग्राहक त्रासले म्हणजे ते आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे तक्रार करतील आणि मग ते लोक अकारण सर्वाधिकार मागण्याची सवय सोडतील, असा तो हिशेब होता. हिशेब चुकला नाही. उपरोक्त आकडेवारीप्रमाणे विचारणा उत्पन्न करणाऱ्या आज्ञावलींची व कामांची संख्या ऑगस्ट २००७ मध्ये ७,७५,३१२ होती. ती ऑगस्ट २००८ मध्ये १,६८,१४९ वर आली.

म्हणजे चौकटीतील वाक्य गृहस्थाला उद्देशून लिहिले होते, पण त्याचा खरा श्रोता दुसराच होता. लेकी बोले सुने लागे, ही म्हण ह्या व्यवहारास तंतोतंत लागू पडते. सुनेला बोध झाला. परंतु बोलणी लेकीने खाल्ली, आणि ती खाता खाता तिने कान बंद करून घेतले. एका पिढीच्या आज्ञावली सुधारल्या, हा लाभ खरा व टिकाऊ आहे. त्यासाठी एका पिढीच्या वापरकर्त्यांस न वाचता ‘होय’ दाबण्याचे शिक्षण मिळाले, ही हानीही तितकीच खरी आहे. तिचा हिशेब मात्र कोठे मांडला गेला नाही.

६

विंडोज ७ मध्ये विचारणांचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार वापरकर्त्याकडे आला. त्यासाठी चार पायऱ्यांची एक सरकपट्टी देण्यात आली : नेहमी विचारावे; केवळ इतर आज्ञावली बदल करू लागल्यासच विचारावे; तसेच, पण पडदा अंधुक न करता; आणि कधीच विचारू नये. मूळची नेमणूक दुसऱ्या पायरीवर होती. तीत विंडोजचे स्वतःचे पुष्कळसे घटक न विचारता वरच्या अधिकारावर जाऊ लागले. ह्या सवलतीतील उणीव जानेवारी २००९ च्या अखेरीस, कार्यप्रणाली अद्याप चाचणीत असतानाच, दोघा तंत्रज्ञांनी दाखवून दिली. सरकपट्टी हलविणे हे विंडोजचेच काम असल्यामुळे त्यासाठी विचारणा होत नसे. अर्थात कळ दाबण्याचे सोंग करणारी छोटीशी आज्ञावली अनुज्ञापृच्छाच बंद करू शके. मायक्रोसॉफ्टने प्रथम हा दोष मानला नाही. फेब्रुवारीत मात्र ती वाट बंद करण्याचे मान्य केले. मुळात ही योजना म्हणजे अभेद्य तटबंदी नव्हे, असे तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेल्या रसिनोविच ह्यांनी २००७ सालीच स्पष्ट केले होते. जी तटबंदी नव्हे तिला तटबंदी समजणे आणि तिचा उपद्रव होतो म्हणून ती पाडणे, ह्या दोन्ही चुका घरोघर झाल्या.

ह्या इतिहासातून गृहस्थाच्या उपयोगाचे जे निघते, ते थोडक्यात असे. विचारणा असह्य झाल्या म्हणून सरकपट्टी तळाशी नेणे हा उपाय नव्हे; त्याने घर पुन्हा २००१ च्या अवस्थेत जाते. नित्याच्या कामासाठी मर्यादित खाते ठेवावे व प्रशासकाचे खाते निराळे असावे. मग विचारणेस ‘होय’ पुरत नाही, परवलीचा शब्द लिहावा लागतो, आणि तेवढ्या अवधीत हात थबकतो. विचारणा आली असता, ती आपण स्वतः आरंभलेल्या कामातून आली आहे काय, एवढेच स्वतःस विचारावे. नसेल, तर उत्तर नकाराचे असावे. व्हिस्टाच्या चौकटीतील दुसऱ्या वाक्यात हीच कसोटी दडलेली होती. पण आज्ञार्थाच्या ओघात ती कोणी वाचली नाही.

७

होय-नाहीचा प्रश्न किती सहज निकामी होतो, ह्याचा पुरावा पुढे घराबाहेर मिळाला. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या यंत्रणेत शिरलेल्या आगंतुकाजवळ तेथील एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा परवलीचा शब्द होता. पण दुसरी पायरी म्हणून त्या कर्मचाऱ्याच्या दूरध्वनीवर अनुमतीची विचारणा जात असे. आगंतुक पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहिला, विचारणा येत राहिल्या, आणि अखेर त्यांपैकी एक स्वीकारली गेली. पूर्वी विचारणांचा अतिरेक हा रचनेचा दोष होता. आता तेच आक्रमकाचे हत्यार झाले.

ह्यावर जो उपाय रूढ झाला, तो भाषाभ्यासकाने मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने आपल्या अशा विचारणांत संख्या जुळविणे सक्तीचे केले. प्रवेश करणाऱ्याच्या पडद्यावर एक संख्या दिसते, व ती दूरध्वनीवर लिहिल्यावाचून अनुमती पुरी होत नाही. बदल क्षुल्लक वाटतो. पण त्याने प्रश्नाची जात बदलली. ‘देता का?’ ह्या प्रश्नास डोळे मिटून उत्तर देता येते. ‘कोणती?’ ह्या प्रश्नास तसे देता येत नाही; ज्याच्यासमोर ती संख्या आहे, त्यालाच ते उत्तर ठाऊक असते. विचारणा कमी करणे, होकाराला परवलीच्या शब्दाचे वजन देणे आणि शेवटी होय-नाहीच्या जागी माहितीचा प्रश्न आणणे, हे तिन्ही उपाय एकाच दिशेचे आहेत. उत्तर देणाऱ्याला उत्तर देता यावे, ही प्रश्नाची मूलभूत अट आहे. १९७५ च्या त्या प्रबंधात मानसिक स्वीकार्यतेच्या नावाने ती सूचित झालीच होती. ती अट जेथे पाळली गेली नाही, तेथे अनुज्ञा मागितल्याचा देखावा झाला आणि जबाबदारी तेवढी उत्तर देणाऱ्याच्या माथी आली. जेथे ती पाळली गेली, तेथेच अनुज्ञा ह्या शब्दाला त्याचा अर्थ परत मिळाला.